फोनवरचा कोल्हा

दवाखान्याच्या मागच्या खोलीत सकाळ कधीच एकदम येत नाही. आधी ती दुधी काचेच्या खिडकीपाशी नुसती पांढुरकी होऊन थांबते. आत यावे की न यावे, असा विचार करणाऱ्या एखाद्या बुजऱ्या पाहुण्यासारखी. मग काचेच्या वरच्या कोपऱ्याचा टवका जिथे उडाला आहे, तिथून एक बारीक तिरीप आत उतरते आणि औषधांच्या कपाटाच्या पितळी कडीवर टेकते. कडीवरून घसरून ती वजनकाट्याच्या काचेवर क्षणभर अडते आणि शेवटी स्टीलच्या टेबलावर पसरते. त्या टेबलावर नखांचे असंख्य ओरखडे आहेत. दिवसभर ते कोणाला दिसत नाहीत. पण या वेळी, उजेड असा आडवा असताना, एकेक ओरखडा वेगळा उजळतो, आणि भ्यालेल्या कुत्र्यांनी मागे सरकता सरकता वर्षानुवर्षे लिहिलेली एक लांबलचक तक्रार वाचल्यासारखे वाटते. कालच्या मांजराचा एक केस हवेत तरंगत असतो. तो खाली येत नाही, वरही जात नाही. उकळून पालथ्या ठेवलेल्या चिमट्यांवरचे थेंब एकामागून एक आटतात. पुढच्या खोलीत अजून कोणी आलेले नसते. कोणी काही विचारत नाही, कोणाला काही सांगावे लागत नाही. दिवसातली एवढीच घटका मला संपूर्णपणे माझी वाटत आली आहे.

त्या दिवशी मात्र टेबलावर, ओरखड्यांच्या बरोबर मधोमध, दवाखान्याचा फोन ठेवलेला होता. आत्याने तो पुढच्या खोलीतून लांब वायरीसकट आणून ठेवला होता.

"दुपारी बारापर्यंत," ती म्हणाली. "तुझं तू बोल. मी नंबरसुद्धा फिरवून देणार नाही."

"मला बोलायचंच नाही त्यांच्याशी."

"मग तसं सांग. पण तेही बोलूनच सांगावं लागेल, राजे."

आणि ती पुढच्या खोलीचे शटर उघडायला निघून गेली.

आत्या जनावरांची डॉक्टर. गायी-म्हशी, कुत्री-मांजरे, कधी एखादा पोपट. माझे आईवडील नोकरीपायी दूर राहतात. शाळेत असल्यापासून मी आत्याकडे आहे आणि तिच्या दवाखान्यात पडेल ते काम करतो. हत्यारे उकळायची, एक्स-रे धुवायचे, टाके घालताना जनावर धरायचे. हे सगळे मागच्या खोलीत. पुढच्या खोलीत, जिथे जनावरांचे मालक बसतात, तिथे मी जात नाही. आत्या याचा विनोद करते. "माझ्याकडे मुकी जनावरं दोन," ती आल्यागेल्याला सांगते, "एक टेबलावर असतं, एक टेबलामागे." लोक खो खो हसतात. मला या विनोदाचा मनस्वी संताप येतो, आणि तो संताप मी आजवर कोणालाही बोलून दाखवलेला नाही.

मला वन्यप्राण्यांचा डॉक्टर व्हायचे आहे. हे वाक्य उच्चारले की नातेवाइकांच्या अंगात काय संचारते कोण जाणे. एक काका विचारतात, "वाघाचा ताप कुठून बघणार रे?" दुसरे त्यांना टाळी देतात. जंगलेच्या जंगले साफ होत आहेत, रस्त्यारस्त्यावर साळिंदरे चिरडून पडली आहेत, आणि या माणसांना वाघाच्या शेपटीखालचा थर्मामीटर आठवून हसू येते.

दोन कॉलेजांनी मला जागा देऊ केली होती. एक मोठे, नावाजलेले. तिथली जागा मी घरबसल्या संगणकावर एक बटण दाबून पक्की केली होती. दुसरे लहान, जवळच्या गावातले, फारसे कोणाला ठाऊक नसलेले. त्यांचा नियम असा की, होकार किंवा नकार उमेदवाराने स्वतः फोनवर सांगायचा. होकार दिला की मोठ्या कॉलेजातली जागा जाणार. बारा वाजून गेले की लहान कॉलेजातली जागा जाणार. मला फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे हे जगातले एकमेव काम मला निर्विवाद चांगले जमते.

मोठे कॉलेज पाहायला आत्या आणि मी उन्हाळ्यात गेलो होतो. त्या दिवशी सगळ्या नव्या उमेदवारांना पालकांसह बोलावले होते. इतकी देखणी इमारत मी पूर्वी पाहिली नव्हती. प्रवेश परीक्षा एका गार, शांत दालनात होती. पडद्यावर चित्रे येत, पावलांचे ठसे, कवट्या, पिसे, रक्तातल्या पेशी, आणि योग्य उत्तरावर बोट टेकवायचे. ना मुलाखत, ना कोणी समोर बसून "स्वतःविषयी सांग" म्हणणारे. मी पहिला आलो. भिंतीवर माझा क्रमांक झळकला तेव्हा शेजारी कोणी नव्हते, म्हणून मी चक्क हसलो.

मग आम्हाला शस्त्रक्रियेचा विभाग दाखवला. तिथे एक अख्खी भिंत काचेची होती. काचेपलीकडे टेबलावर एक हरीण गुंगीत पडले होते आणि अलीकडे पालक सरबत पीत होते. पुढच्या दालनात एक मोठे घुबड होते. त्याचा एक पंख मुळापासून काढलेला होता. माहिती सांगणाऱ्या हसतमुख तरुणाने त्याला हातमोज्यावर बसवले होते आणि फोटोसाठी रांग लागली होती.

"ही आमची राणीसाहेब," तो म्हणाला. "हिला माणसं फार आवडतात."

"तिने सांगितलं वाटतं," आत्या म्हणाली.

तो तरुण हसला. आत्या हसली नाही. "घुबड दिवसा झोपतं ना? मग ही कधी झोपते?"

"सवय झालीय तिला, मॅडम. बघा ना, किती ताठ, ऐटीत उभी राहते!"

घुबड खरेच ताठ होते. सगळी पिसे अंगाशी घट्ट आवळून, काठीसारखे बारीक आणि उंच होऊन, डोळ्यांच्या नुसत्या फटी करून ते बसले होते. घुबड असे कधी होते, हे मला पुस्तकांतून पाठ होते. आत्याने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. छतही फार सुंदर होते.

"तू का बोलला नाहीस?" परतताना तिने गाडीत विचारले.

"मी बोलून काय तिला दुसरा पंख फुटला असता?"

"वा! म्हणजे येतं की बोलायला. तोंड आहे, फक्त ते माझ्यापुरतं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कॉलेज म्हणजे काही एक घुबड नव्हे, असे मी स्वतःला बजावले. प्रयोगशाळा होत्या, ग्रंथालय होते. आत्याला फक्त खोड काढायची होती. ते कॉलेज दूर होते आणि तिला मी दूर जायला नको होतो. माझ्यामागे तिची हत्यारे कोण उकळणार? हा शोध मला इतका पटला की, घर येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्यावर खटला चालवून निकालही देऊन टाकला.

लहान कॉलेज पाहायचा हट्ट तिचाच. "बघून तर ये, बघायला काय जातंय!" माझी सकाळ जात होती, ती तिच्या हिशेबात नव्हती.

तिथला वन्यजीव विभाग म्हणजे दोन खोल्या आणि मागे जाळीच्या पिंजऱ्यांची एक रांग. पिंजऱ्यांवर कापडे टाकलेली. आत कोण आहे ते दिसूही देत नाहीत. फिनेलचा वास, दारात चिखलाचे बूट, भिंतीवर एकाही वाघाचे चित्र नाही. फळ्यावर गावोगावच्या पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणाचे वेळापत्रक होते.

"कुत्र्यांची लस?" मी आत्याच्या कानात पुटपुटलो. "वन्यजीव विभागात?"

उत्तर पलीकडे उभ्या असलेल्या बाईंनी दिले. "गावच्या कुत्र्याचा आजार रानातल्या कोल्ह्याला होतो. रानात जाऊन कोल्ह्याला लस टोचशील, की गावात कुत्र्याला?" त्या विभागाच्या प्रमुख होत्या, उंच, केस आखूड, बाह्या वर केलेल्या. त्यांनी आत्याला बाहेरच्या बाकावर बसवले आणि मला आतल्या टेबलामागच्या खुर्चीत. टेबलावर एक फोन होता.

"आमचे विद्यार्थी पहिल्या वर्षापासून हा फोन उचलतात," त्या म्हणाल्या. "आता वाजला तर तू उचल. मी आहेच इथे."

मी नाही म्हणणार, तेवढ्यात तो वाजलाच.

"हॅलो," मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्याच्या घरात ऐकल्यासारखा वाटला.

"कोण, प्राण्यांचं हॉस्पिटल ना? अहो, खुराड्यात कोल्हा शिरलाय! मी बाहेरून कडी घातलीय. कोंबड्या वरच्या फळीवर चढून बोंबलतायत आणि हा खाली झोकांड्या खातोय. लाळ तर नुसती धो धो. काय करू मी?"

माझ्या डोक्यात पुस्तकाचे पान उघडले. लाळ आणि झोकांडी, दोन्ही एकत्र. कारणे क्रमाने उभी राहिली.

"प्राण्याच्या हालचालींत असमतोल आहे का?"

"आँ?"

"म्हणजे, चालताना तोल जातो का?"

"अहो, झोकांड्या म्हणजे मग काय सांगितलं? नाचतोय का तो?"

"लाळ फेसाळ आहे की चिकट?"

"आता काय बोट लावून बघू?"

"नको! स्पर्श अजिबात करू नका. रेबीजची शक्यता नाकारता येत नाही."

पलीकडे आवाज थांबला. फक्त कोंबड्यांसारखे काहीतरी ऐकू येत राहिले.

"म्हणजे पिसाळलाय?"

"तसं निश्चित सांगता येणार नाही. शक्यता नाकारता येत नाही, इतकंच."

"आमची लहानगी चिमी अंगणात खेळतेय हो," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

यावर काय म्हणायचे असते, ते कोणत्याच पुस्तकात नव्हते. मी म्हणालो, "सुरक्षित अंतर राखावं."

"कळलं," तो म्हणाला. "फावडं आणतो."

"नको, थांबा, ऐका..." पण मी ते बंद झालेल्या फोनला सांगत होतो.

कोण्या अंगणात, कोण्या खुराड्याच्या दारात, आत्ता या क्षणी काय चालले असेल, ते मला दिसत होते. मी बाईंकडे पाहिले. त्या कुठेच धावल्या नाहीत, गाडी काढा म्हणून कोणाला ओरडल्या नाहीत. इतक्यात शेजारच्या खोलीचे दार उघडले आणि एक जाडसर, प्रेमळ चेहऱ्याचा माणूस चहाचे कप घेऊन आत आला.

"साखर चालते ना?" त्याने विचारले.

तोच आवाज. खुराड्याच्या मालकाचा.

"हे आमचे ड्रायव्हर," बाई म्हणाल्या. "जखमी जनावरं आणायला हेच जातात. फोनही हेच करतात, उमेदवारांना."

"कोंबड्यांचा आवाजपण मीच काढतो," ड्रायव्हर जरा अभिमानाने म्हणाले.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. अस्तित्वात नसलेल्या कोल्ह्यासाठी माझे काळीज थरथरत होते, आणि ही माणसे चहा पीत होती! मी मान खाली घालून अभ्यास केलेला मुलगा. मला कवटी दाखवा, मी प्राणी सांगतो. ठसा दाखवा, मी त्याचे वय सांगतो. आणि यांनी माझी परीक्षा घेतली ती नाटकात. मनात वाक्यांचा लोंढा उठला होता. त्यातले एकच बाहेर पडले.

"ही फसवणूक आहे."

"आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण फोन खरा आहे. मागच्या हिवाळ्यात आलेला. तेव्हा या खुर्चीत मी होते."

मी टेबलावरच्या फोनकडे पाहिले.

"शक्यता नाकारता येत नाही. हेच वाक्य मी म्हणाले होते. मग आम्ही गेलो. हे गाडी चालवत होते. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मी कोल्ह्याचं तोंड उघडून बघितलं, तर टाळ्यात आडवं हाड अडकलेलं. तोंड मिटता येईना म्हणून लाळ, खाता येईना म्हणून झोकांड्या. गुंगी देऊन चिमट्याने निघालं असतं."

"पण वाक्य बरोबर होतं," मी म्हणालो. "पिसाळलेला असू शकत होता. मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"मुळीच नाही. आजही मी तेच सांगेन. पण आधी विचारेन, चिमी कुठेय? तिला घरात न्या, दार लावा. कडी पक्की आहे ना? शाबास, निम्मं काम तुम्हीच केलंत. आता आमची गाडी येईपर्यंत बोलत राहा माझ्याशी. भ्यालेल्या माणसाच्या हातातून फावडं सोडवणं, हेही आपलंच काम. नव्हे, तेच जास्त."

ड्रायव्हरांनी माझ्यापुढे कप सरकवला. "वाईट वाटून घेऊ नका. आजवर एकाच मुलीने वाचवला त्याला. बाकी दर खेपेला मलाच फावडं आणावं लागतं." ते हसत होते, पण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तो कोल्हा त्यांनीच गाडीत उचलून ठेवला असणार, हे मला तेव्हा सुचले नाही. मी चहा न पिता उठलो.

गाडीत माझा बांध फुटला. "मी डॉक्टर व्हायला निघालोय, टेलिफोन ऑपरेटर नाही! माणसांशी गोड बोलायचं असतं तर विमा विकला असता!"

आत्याने गिअर बदलला. "अरे, पण कोल्हा स्वतः फोन करणार आहे का? डॉक्टर, जरा माझ्या टाळ्यात हाड अडकलंय, म्हणून?"

"तुला हसू येतंय."

"नाही येत. तू आत होतास तेव्हा दाराआडून सगळं ऐकलं मी."

"तुला मला इथंच अडकवायचंय. तुझ्या दवाखान्यासाठी."

पुढे एका वळणावर ती गाडी कडेला घेऊन थांबली. "माझ्या दवाखान्यासाठी? तुला? पुढच्या खोलीत तू एक दिवस बसलास, तर माझी गिऱ्हाइकं गाय तिथंच सोडून पळतील." तिचा आवाज मात्र विनोदाचा नव्हता. "जा तू मोठ्या कॉलेजात. खुशाल जा. पण का जातोयस, ते स्वतःला तरी खरं सांग."

नवलाची गोष्ट म्हणजे, एवढे होऊनही लहान कॉलेजाने जागा देऊ केली. का, ते मला कळले नाही. माझ्या रागात त्याचीही भर पडली.

तर त्या सकाळी तिरीप टेबलावरून पुढे सरकली होती आणि फोनची काळी बाजू तापू लागली होती. पुढच्या खोलीत पहिले गिऱ्हाईक आले. कुत्र्याचे कण्हणे ऐकू आले, मग एका बाईचे रडणे.

"आधी बसा," आत्या म्हणत होती. "पाणी घ्या. तुम्हाला कुठे लागलंय का? नाही ना? मग आता सांगा, सावकाश. गाडी अंगावर आली तेव्हा तो कुठल्या बाजूला होता?"

हे मी किती वर्षे ऐकत होतो. भिंतीपलीकडून रोज येणारा तो नुसता एक आवाज होता, नळाच्या पाण्यासारखा. टेबलावर जनावर येण्याआधी पलीकडे तिचे निम्मे काम उरकलेले असते, हे मी कधी मोजलेच नव्हते. कुत्रे माझ्यापर्यंत येई ते शांत झालेले, आणि मला वाटे, ते माझ्या हातांमुळे.

मी रिसीव्हर उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला आणि नंबर फिरवला.

"बोला, प्राण्यांचं हॉस्पिटल," ड्रायव्हरांचा आवाज आला.

"मी... त्या दिवशी आलो होतो. कोल्हा."

"अरे, तुम्ही! त्या दिवशी चहा टाकून गेलात की. थांबा हं, बाईंना देतो."

त्या क्षणभराच्या शांततेत मी माझे भाषण जुळवले. मोठ्या कॉलेजातली जागा मी का सोडत आहे, हे त्या विचारणारच होत्या. काचेची भिंत, सरबत पिणारे पालक, पंख काढलेल्या राणीसाहेबांचे प्रदर्शन, दिवसाढवळ्या जागवलेले ते घुबड; सगळा संताप क्रमाने, नेटक्या वाक्यांत उभा होता. त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता.

"बोल," बाई म्हणाल्या.

"मी तुमच्याकडे येतोय."

"आणि ते मोठं कॉलेज? तिथं तर तू पहिला आलास म्हणे. आवडलं नाही?"

तोंड उघडले, आणि घुबड पुढे येईना. कारण घुबड मी त्याच दिवशी पाहिले होते, ते भ्यालेले आहे हेही ओळखले होते, आणि तरीसुद्धा घरी येऊन मी ते बटण दाबले होते.

"आवडलं होतं," मी म्हणालो. "तिथं मला कोणी एक शब्दही बोलायला लावला नव्हता."